हेडबोर्ड घरीच करायचाय : प्लाय, फोम, कापड आणि खोबरेल तेल

रानजाई

आमचा पलंग ६ बाय साडेसहाचा बॉक्सबेड आहे. सनमायकाचा, धडधाकट, मोडीत काढावा असं काही नाही त्यात. फक्त डोक्याकडची फळी गादीच्या वर जेमतेम वीतभर येते. टेकून वाचायला बसलं की पाठ फळीच्या धारेवर आणि डोकं भिंतीवर. भिंतीवर दोन तेलकट गोल कायमचे उमटलेत, सासूबाई राहायला आल्या की तिसरा उमटतो.

नुसता हेडबोर्ड कुणी विकत नाही, अख्खा बेड घ्या म्हणतात. सुतार माप घेऊन गेलाय, आता फोन उचलत नाही. तेव्हा घरीच करायचं ठरवलंय. ७२ इंच रुंद, गादीच्या वर ३० इंच, १२ एमएम प्लाय, त्यावर २ इंच फोम, त्यावर कापड ताणून मागून स्टेपल. प्लाय दुकानातच कापून आणणार. घरी ड्रिल आहे आणि शिवणाचं मशीन आहे, ते नीट चालवता येतं.

मनात आहे ती बाटलीहिरवी मखमल आणि खोल बटणांची चौकटनक्षी, हॉटेलात असते तशी. विचारायचंय ते असं : फोम किती डेन्सिटीचा, मखमल घ्यावी का, आणि एवढं धूड भिंतीला लावायचं कसं? भिंत विटांची आहे, बाहेरची नाही. पलंगाच्या दोन्ही बाजूंना स्विचबोर्ड आहेत.

कोरांटी

आधी भिंतीवरच्या गोलांचा फोटो टाका. सासूबाईंचा वेगळा दाखवा.

ओळंबा

आमच्या घरात दोन पिढ्या सुतारकाम आणि सोफ्याचं काम आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

माप आधी. फळी गादीच्या वर ३० इंच हे बरोबर, पण खालीही थोडी उतरली पाहिजे. गादीच्या वरच्या पातळीपासून निदान ४ इंच खाली न्या, नाहीतर उशी सरकली की फळीखालची फट दिसते आणि मोबाइल त्यातच जातो. म्हणजे एकूण ३४. फोम, कापड बसवायला तेवढीच उंची धरा. आणि गादी पुढेमागे बदलणार असाल तर नव्या गादीची जाडी धरून मोजा. आजकाल ८ इंची, १० इंची गाद्या येतात, ३० चे २६ झाले की मान परत भिंतीवर.

प्लाय १२ एमएम पुरे. सुतार त्याला ४ सूत म्हणतात. १८ घेऊ नका, उगाच वजन. ७२ बाय ३४ ची १२ एमएमची फळी अंदाजे ११-१२ किलो भरेल, १८ ची १७ च्या वर जाईल. १२ एमएमला वाकायची भीती असते, म्हणून मागून चारी कडांना आणि मध्ये उभ्या अशा २ इंची पाइनच्या पट्ट्या स्क्रूने मारा. या पट्ट्यांचा खरा उपयोग वेगळाच आहे. हाताच्या गनची पिन कडक प्लायमध्ये अर्धीच जाते आणि वर आकड्यासारखी उभी राहते. पाइनमध्ये सुरीसारखी जाते. कापड ओढून पट्टीवर पिना मारायच्या. ८ किंवा १० एमएमची पिन घ्या, ६ ची जाड कापडाला पुरत नाही.

प्लाय दुकानातून कापून आणताना त्याच्यासमोर कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले तर फळी गुण्यात आहे, म्हणजे कोपरे काटकोनात. अर्धा इंच फरक असेल तर तिथेच परत द्या, घरी आणल्यावर कुणी ऐकत नाही.

फोम : टेकायला बसायचंय, त्यावर बसायचं नाही, तेव्हा ३२ डेन्सिटी चालते. ४० ची सोफ्याच्या बैठकीला. डेन्सिटी म्हणजे घनमीटरला किती किलो, कडकपणा नव्हे, हे दुकानदारालाही बऱ्याचदा माहीत नसतं. दाबून बघा. अंगठ्याने दाबल्यावर लगेच वर आला पाहिजे. ६ बाय ३ फुटाची शीट मिळते, तुमचं काम एका शीटमध्ये होतं, उंचीला दोन इंच उरतातसुद्धा. ते कापून टाकू नका. फोम कडेवर अर्धा इंच बाहेर ठेवला आणि कापडाने आत दाबला तर कडा गोलसर येते. बरोबर फळीएवढा कापला की धार लाकडाची लागते.

बटणांबद्दल मात्र नको म्हणेन. कारण सांगतो, पण आता दुकान उघडायचंय.

अर्धाकप

वाचनखूण साठवली. ओळंबा दादा, "कर्ण मोजा" हे सोन्यासारखं.

पाचूबेट

मखमल घेणार असाल तर हे वाचा. कापडाचा पन्हा सोफ्याच्या कापडात ५४ इंच असतो. तुमची फळी ७२ रुंद. म्हणजे कापड आडवं वापरलं, थानाची लांबी फळीच्या रुंदीत घेतली, तर जोड येत नाही, सव्वादोन मीटरमध्ये काम होतं. साध्या विणीच्या कापडाला हेच करा.

मखमलीला मात्र लव असते. लव वरून खाली पडलेली हवी. आडवं लावलं की लव डावीउजवीकडे पडते, एका बाजूने बघितलं तर काळपट, दुसरीकडून चकचकीत, आणि हात फिरवला की फराटे. मग उभंच लावायचं तर ५४ मध्ये ७२ बसत नाही, जोड आलाच. जोड मधोमध कधी घेऊ नका, डोळा तिथेच जातो. मध्ये अख्खा पन्हा, दोन्ही बाजूंना सारख्या रुंदीच्या पट्ट्या, आणि शिवणीत पाइपिंग, म्हणजे दोरीसारखी गोट, घाला. मग तो जोड मुद्दाम केल्यासारखा दिसतो.

तिरफळ

कोकणातून बोलतोय, म्हणून पहिला प्रश्न पाण्याचा. रानजाई म्हणतात भिंत बाहेरची नाही, नशीबवान आहेत. ज्यांची पलंगाची भिंत बाहेरची आहे त्यांनी हा चर्चेचा धागा वाचून उद्या फळी ठोकू नये. पावसाळ्यात भिंत ओल धरते, समोर फोमची गादी लावली की हवा खेळत नाही, आणि दिवाळीला फळी काढून बघितली तर मागे काळी बुरशी. आमच्याकडे फळी आणि भिंत यांच्यात इंचभर फट ठेवतात, खालून-वरून उघडी. प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे ज्याला मरीन म्हणतात तो. साधा एमआर हा दमटपणा सोसतो, पाणी सोसत नाही. आणि मागची बाजू कोरी ठेवू नका, प्रायमरचा एक हात मारा. वाळवी कापलेल्या कडेतून शिरते, तेव्हा कडांना आधी.

घाटवळण

रेक्झिन का नाही कुणी म्हणत? ओल्या फडक्याने पुसलं की झालं. तेलाचा प्रश्नच मिटला.

पाचूबेट

कारण मुंबईत रेक्झिनचे पापुद्रे निघतात. जे मऊ, चामड्यासारखं लागतं ते बहुतेक पीयूचं (पॉलियुरेथेनचं) असतं आणि दमट हवेत त्याचा वरचा थर काही वर्षांत सुटतो. ऑफिसच्या खुर्च्यांच्या हातांवर बघा, काळे कपटे पँटला चिकटतात. पीव्हीसीचं टिकतं, पण मे महिन्यात उघड्या पाठीला ते काय लागतं ते टेकून बघा एकदा. शिवाय आवाज करतं.

घाटवळण

उघड्या पाठीने कोण टेकतं?

कोरांटी

मे महिन्यात? सगळे. धाग्याचं काश्मीर, म्हणजे न संपणारा वाद, करू नका.

ओळंबा

बटणांचं सांगायचं राहिलं होतं.

खोल बटणांची नक्षी करायची म्हणजे प्लायला प्रत्येक बटणाला भोक, फोमलाही तिथेच भोक. मग ८-१० इंची सुई, मेणाचा नायलॉन दोरा, पुढून बटण, मागून दोरा खेचून पिनांनी नागमोडी अडकवायचा. बटणावर कापड चढवून देणारे पुण्यात रविवार पेठेत आणि मुंबईत भुलेश्वरला सापडतात, तो प्रश्न नाही. प्रश्न कापडाचा. प्रत्येक खड्ड्यात कापड खाली जातं, त्यामुळे रुंदीला आणि उंचीला दोन्हीकडे जास्त लागतं, खड्डा २ इंच असेल तर तुमचा पन्हा कुठल्या कुठे संपतो. आणि बटणाबटणांमधल्या घड्या सगळ्या एकाच दिशेला वळल्या पाहिजेत. कारागीर ते बोटांनी करतो, बघायला सोपं वाटतं.

समजा जमलं. मग त्या घड्यांमध्ये धूळ बसते. व्हॅक्यूमचं तोंड आत जात नाही. आणि एकदा घरात ढेकूण आला की घडी आणि बटण यांच्यासारखी जागा त्याला दुसरी नाही. ग्राहकाने मागितलं तर आम्ही करून देतो. आमच्या स्वतःच्या घरात एकाही पलंगाला नाही.

रानजाई

ढेकूण शब्द वाचला आणि बटणं रद्द केली. हॉटेलसारखं दिसायची हौस फिटली.

पण तेलाचं काय, हे अजून कुणी नीट सांगितलं नाही. आमच्या घरात रात्री डोक्याला तेल लावून झोपायची पद्धत आहे, ती मी बदलणार नाही आणि सासूबाई तर नाहीच नाही. पिना मारलेलं कापड धुणार कसं?

सुईदोरा

धुवायचंच असेल तर पिना मारू नका, गवसणी शिवा.

फोमवर आधी मांजरपाट ताणून त्याला पिना मारायच्या, तो कायमचा. चांगले सोफेवाले हे करतातच, त्याने फोमचा आकार धरला जातो आणि वरचं कापड फोमला घासून विरत नाही. मग त्यावर शिवलेली गवसणी चढवायची, उशीच्या अभ्र्यासारखी, चार कोपरे पेटीसारखे शिवलेले, आणि मागच्या बाजूला चार इंच वळेल इतकं कापड. मागे वेल्क्रो. वेल्क्रोची खरखरीत बाजू फळीला पिनांनी ठोका आणि मऊ बाजू कापडाला शिवा. उलट केलंत तर मशीनमध्ये ती खरखरीत बाजू बाकीच्या कपड्यांचे धागे ओढून काढेल.

मशीन आहे म्हणालात, तेव्हा सुई १६ किंवा १८ नंबरची लावा, टाका जरा मोठा ठेवा. सुती कापड असेल तर कापायच्या आधी गरम पाण्यातून काढून वाळवा. आटायचं ते आधीच आटू दे. नाहीतर पहिल्या धुण्यानंतर गवसणी कोपऱ्यावर चढतच नाही. आणि माप घेताना फोमच्या मापाला शिवण न मिळवता बरोबर तेवढंच ठेवा, किंचित घट्ट. सैल झाली तर टेकल्यावर सुरकुत्या पडतात.

दोन गवसण्या शिवा. एक दोरीवर, एक पलंगावर.

पाचूबेट

+१. आणि मग मखमल सोडा. जाड सुती कापड, कॅनव्हास, हातमागाची जाड चादर, काहीही. तेलाचा डाग लगेच दिसला तर त्यावर टाल्कम पावडर थापून रात्रभर ठेवायची, सकाळी झटकून भांड्यांच्या साबणाने चोळून धुवायचं. वाळलेला, जुना, पिवळा पडलेला डाग मात्र राहतो. म्हणून गवसणी महिन्या-दीड महिन्याने निघालीच पाहिजे, डाग दिसो न दिसो.

आडगाव

खणाचं कापड लावलं तर? आमच्या सौ.ची इच्छा आहे. मस्त दिसेल.

सुईदोरा

दिसेल. पण खणाचा पन्हा लहान, जोड द्यावे लागतील, आणि काठ प्रत्येक जोडावर येणार. तो काठच नक्षी म्हणून उभा घ्या, समान अंतरावर. शिवाय खण पातळ असतो, ताणावर शिवण उसवते. मागून सुती अस्तर लावून दोन्ही एकत्र शिवा. सिल्कचा असेल तर तेलाला विसरा, तो धुऊन निघणार नाही.

लीड्सकर

विलायतेतून एक वेगळा मुद्दा. इथे १९८८ पासून घरच्या फर्निचरला आगीचे नियम आहेत आणि हेडबोर्ड त्यात स्पष्ट येतो. त्यामुळे दुकानातला फोम लवकर पेट न घेणारा असतो. भारतात सुटा मिळणारा साधा पीयू फोम भराभर पेटतो, आणि त्याचा धूर ज्वाळेपेक्षा वाईट, त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं. घाबरवत नाही. पण ज्या वस्तूला टेकून आपण झोपतो तिच्या कडेला स्विचबोर्ड आहे असं रानजाईंनी पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय. सॉकेट फोमने झाकायचं नाही, आणि फोमला भोक पाडून सॉकेट मधे ठेवायचं असलं तर चारी बाजूंनी लाकडाची चौकट हवी, कापड आणि फोम तिच्या बाहेरच थांबले पाहिजेत. डासांची अगरबत्ती पलंगाच्या उशाशी ठेवायची सवय असेल तर ती जागा बदला.

रानजाई

लीड्सकर, धन्यवाद, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. दोन स्विचबोर्डांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजलं. ७६ भरलं. फळी ७२ ची, दोन्हीकडे २ इंच मोकळे. थोडं कमी वाटतंय, प्लग लावला की वायर फळीला घासेल. ७० करते.

ओळंबा

७० करा. फोम आणि कापडाची जाडी दोन्हीकडून अर्धा-पाऊण इंच वाढवते हे धरलंत का? प्लाय ७० म्हणजे तयार फळी ७१ च्या वर. मी ६९ कापेन. पलंगापेक्षा बारीक दिसणार नाही, कुणाच्या लक्षातही येत नाही.

घाटवळण

एक शंका. पलंग हायड्रॉलिक, म्हणजे गादीसकट वर उघडणारा, असेल तर?

ओळंबा

चांगला प्रश्न. बिजागरी डोक्याकडे असते. पायाकडून फळी उचलली की गादी बिजागरीभोवती फिरते आणि तिचा वरचा कोपरा भिंतीकडे जातो. ६ इंची गादी चांगली उचलली तर तो कोपरा तीन-चार इंच मागे सरकतो. नवी गुबगुबीत फळी पुढे आली की तो तिथेच जाऊन बसणार, दर वेळी कापड घासणार. करायच्या आधी रिकामा पलंग पूर्ण उघडून, गादीसकट, टेपने मोजून बघा. पलंग भिंतीपासून थोडा पुढे ओढायला जागा असेल तर प्रश्न नाही. नसेल तर फोम इंचाचाच घ्या.

जर्सीचा_पाहुणा

अमेरिकेत जे करतात त्यांच्यासाठी : इथे भिंती ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या पातळ फळ्यांच्या, आत लाकडी खांब (स्टड), बहुधा १६ इंचांवर. स्टड शोधून त्यातच स्क्रू मारा, नुसत्या ड्रायवॉलमध्ये मारलात तर फळी एक दिवस अंगावर येईल. प्लाय मोठ्या हार्डवेअर दुकानात मापात कापून मिळतं. कापडाला पूर्वी जोअ‍ॅनमध्ये जायचो, २०२५ मध्ये ती सगळी दुकानं बंद झाली, आता मी भारतातून येताना कापड बॅगेतच आणतो. बायको म्हणते सामानात मसाले आणायचे असतात. अवांतर समाप्त.

लावायला मी ४५ अंशाची जोडपट्टी वापरली, ती सगळ्यांनाच सुचवेन.

रानजाई

ती पट्टी जरा समजावून सांगा ना. मी व्हिडिओ बघितले, हात फार भराभर चालतात त्यांचे.

ओळंबा

मी सांगतो. ३ इंच रुंदीची, १८ एमएम जाडीची एक लांब पट्टी घ्यायची. तिला लांबीतून मधोमध ४५ अंशात चिरायची, म्हणजे दोन पट्ट्या होतात, प्रत्येकीची एक कड तिरपी. हे घरी करू नका, प्लायच्या दुकानातल्या टेबलकरवतीवर चिरून घ्या.

एक पट्टी भिंतीला : तिरपी कड वर, आणि तिचा उतार भिंतीकडे, म्हणजे टोकदार भाग खोलीकडे. तिच्यामागे भिंतीशी खाच तयार होते. दुसरी फळीच्या मागे, उलटी : तिरपी कड खाली, टोकदार भाग भिंतीकडे. फळी उचलून वरून सोडली की दुसरी पट्टी पहिलीच्या खाचेत बसते आणि स्वतःच्या वजनाने भिंतीला ओढली जाते. काढायची असेल तर दोन बोटं वर उचला. गवसणी धुवायची तर हे फार सोयीचं, दर वेळी स्क्रू काढायचे नाहीत. वर दीड-दोन इंच जागा मोकळी ठेवा म्हणजे उचलता येते, त्या जागी फोटोफ्रेम टांगू नका.

पट्ट्या १८ एमएमच्या, म्हणजे फळीचा वरचा भाग भिंतीपासून पाऊण इंच पुढे. म्हणून फळीच्या खालच्या कडेलाही तेवढ्याच जाडीचे दोन तुकडे मारा, नाहीतर फळी खाली आत जाते आणि टेकलं की हलते. मागच्या पाइनच्या पट्ट्या आणि ही जोडपट्टी एकाच पातळीत येणार याची काळजी घ्या. मी पाइनची आडवी पट्टीच वर न मारता तिथे जोडपट्टी बसवतो.

भिंतीत ८ एमएमचं भोक, नायलॉनची गिट्टी (भोकात बसून स्क्रू धरते ती), अडीच इंची स्क्रू. विटांच्या भिंतीत भोक विटेत पडलं पाहिजे, सांध्यातल्या मसाल्यात पडलं तर गिट्टी फिरते. भोकातून लाल भुकटी आली तर वीट. ६ फुटांत पाच स्क्रू मारा. लेव्हल बघून. तिरकी लागली तर हेडबोर्ड रोज सकाळी तुमच्याकडे तिरक्या नजरेने बघेल.

अर्धाकप

रानजाई, ते "धूड" आहे ना, त्यापेक्षा उभे तुकडे करा की. ११-१२ इंच रुंदीचे सहा तुकडे, प्रत्येक वेगळा गुंडाळलेला, शेजारीशेजारी. एकाला डाग पडला की तेवढाच बदला. जिन्यातून न्यायलाही सोपं. मी केलंय, ९ एमएम प्लायवर.

पाचूबेट

तुकड्यांत कापड वाचतं हेही आहे. १२ बाय ३० चा तुकडा असेल तर मागे वळवायला धरून १८ बाय ३६ लागतं, ५४ च्या पन्ह्यात बरोबर तीन बसतात. सहा तुकडे दोन मीटरमध्ये. आणि मखमलीची लव सगळ्यांची खालीच पडते, जोडाचा प्रश्नच नाही. रानजाईंना मखमल हवीच असेल तर हाच मार्ग.

ओळंबा

एक पथ्य. तुकडे मापाला बरोबर कापू नका, प्रत्येक २-३ एमएम लहान कापा. कापड आणि फोम दोन्ही कडांना जागा खातात. सहा तुकडे ठासून बसवायला गेलात तर सहावा बसत नाही.

सुईदोरा

तुकड्यांना गवसण्या शिवायच्या म्हणजे सहा गवसण्या, चोवीस कोपरे. मी एकच मोठी शिवेन. ज्याची त्याची हौस.

तिरफळ

चोवीस कोपऱ्यांच्या बाईला साष्टांग.

आडगाव

फोमऐवजी कापूस भरला तर? गादीवाल्याकडून पिंजून घेतलेला. आईकडे जुनी गादी आहे, शेवरीची नाही, कापसाची.

ओळंबा

उभ्या फळीवर कापूस खाली सरकतो. सहा महिन्यांत वर रिकामं, खाली पोट. गादीला टाके असतात ते याचसाठी. कापूसच हवा असेल तर गादीवाल्याकडून त्या मापाची दोन इंची पातळ गादीच शिवून घ्या, दर ६ इंचांवर टाका, आणि ती फळीला वरच्या कडेने अडकवा. ऊन दाखवता येतं, हा फायदा फोमला नाही. फोम उन्हात टाकला तर पिवळा पडून भुगा होतो.

रानजाई

झालं! लिहायला उशीर झाला कारण पाहुणे होते.

शेवटी एक अख्खी फळी, गवसणीसकट. ६९ बाय ३४. प्लाय आणि पाइनच्या पट्ट्या टिंबर मार्केटमधून कापून आणल्या, कर्ण दुकानातच मोजले, दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुम्ही इंजिनियर का?" जोडपट्टी त्यानेच चिरून दिली. हार्डवेअर बोहरी आळीत.

फोम चिकटवायला फेविकॉलचा एसआर ९९८ वापरला. त्याबद्दल कुणी बोललं नव्हतं म्हणून लिहिते : वास भयंकर आणि ज्वलनशील, गॅलरीत केलं, स्वयंपाकघराचं दार लावून. दोन्हीकडे पातळ थर लावायचा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मग टेकवायचं. एकदा टेकला की सरकत नाही, म्हणून आम्ही दोघांनी दोन टोकं धरली आणि मधून बाहेर दाबत गेलो. फोमच्या बाहेर आलेल्या अर्ध्या इंचाला चिकट लावला नाही, तो मांजरपाटाने वळवला. कडा खरंच गोल आली.

मांजरपाट ताणताना आधी चारी बाजूंच्या मधोमध एकेक पिन, मग समोरासमोर करत कोपऱ्यांकडे. कोपरे शेवटी. कापडाचा धागा सरळ आहे का हे दर दोन-तीन पिनांनी पुढून बघावं लागतं, मागून सगळं छानच दिसतं. वर एक थर रेक्रॉनच्या (पॉलिएस्टरच्या कापसासारख्या) शीटचा घातला, त्याने फोमच्या कडा दिसत नाहीत आणि गवसणी सरकून चढते.

गवसण्या दोन : एक मोहरी रंगाचा कॅनव्हास, एक हातमागाची जाड निळी चादर. मखमल नाही. पण दोन मीटर बाटलीहिरवी घेऊन ठेवलीय, तिच्या उशा होतील. वेल्क्रोची बाजू सुईदोरा म्हणाल्या तशीच.

सासूबाई टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "हे अजून चार बोटं उंच हवं होतं." मुलगा म्हणाला, आजी, तू गादीवर उशी घेऊन बसलीस.

कोरांटी

फोटो?

रानजाई

टाकते रात्री. पलंगावर सध्या कपड्यांचा ढीग आहे.

नवीकोरी

सगळा धागा आत्ता वाचला, फार उपयोगी. आमचा फ्लॅट भाड्याचा आहे आणि भिंती हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या. मालक भिंतीला भोक पाडू देणार नाहीत. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

ओळंबा

फळीला दोन पाय द्या. मागे दोन उभ्या ३ इंची पट्ट्या, फळीच्या खाली जमिनीपर्यंत येतील अशा. बॉक्सबेडच्या मागच्या फळीला दोन-दोन बोल्टने आरपार जोडा, नटाखाली वॉशर घाला. भिंतीला काहीही लागत नाही, पलंग भिंतीशी ढकलला की झालं. घर बदलताना बोल्ट काढून फळी सोबत न्यायची. पायाच्या तळाला रबराची चकती लावा, फरशीवरचं पाणी लाकूड पितं.

आणि उद्या स्वतःचं घर झालं, तिथेही तेच पांढरे ब्लॉक असले, तर ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा आणि गिट्टी लांब घ्या. हॅमर चालू असला की भोक मोठं होतं आणि काहीच धरत नाही.

नवीकोरी

बोल्ट किती जाडीचा? आणि पलंग सागाचा आहे, आजोबांचा, त्याला भोक पाडायला मन धजत नाही.

ओळंबा

सागाच्या पलंगाला भोक पाडू नका. पाय जमिनीवर ठेवा, फळी पलंग आणि भिंत यांच्यामध्ये दाबून बसवा, आणि पायांच्या खालच्या टोकाला पलंगाखाली जाणारी आडवी फळी जोडा, इंग्रजी एल अक्षरासारखी. त्या आडव्या फळीवर पलंगाचा मागचा पाय टेकवायचा. वजन पलंगाचंच, बोल्ट नको. पलंगाचे चारही पाय एका पातळीत राहायला पुढच्या दोन पायांखाली तेवढ्याच जाडीच्या चकत्या घाला.

बॉक्सबेडवाल्यांना मात्र ८ एमएमचा बोल्ट.